वाळत घातलेले मास्तर

"लग्नाच्या दिवशी माझी कंबर चौतीस असेल!" असं मास्तरांनी होणाऱ्या व्याह्यांना ठणकावून सांगितलं, तेव्हा ती चाळीस होती. आणि तीसुद्धा श्वास आत ओढून धरल्यावर!

मास्तर म्हणजे शिंपी. गिऱ्हाईक उंबरठ्यावर असतानाच टेप न लावता माप सांगणारा माणूस. फक्त स्वतःच्या मापाच्या बाबतीत त्यांची नजर जरा कच्ची होती.

झालं होतं असं, की मुलगी जन्मली त्या दिवशी मास्तरांनी एक राखाडी लोकरी कापड घेतलं होतं. एका कोटापुरतं. सव्वीस वर्षं ते डांबराच्या गोळ्यांत झोपून होतं. आता मुलीचं लग्न महिन्यावर आलं आणि ती म्हणाली, "बाबा, मला लग्नात तुम्ही त्याच कोटात हवे आहात. दुसरा कुठलाही चालणार नाही."

नेमके त्याच वेळी व्याही दुकानात बसले होते. व्याही म्हणजे उभी करून ठेवलेली फूटपट्टी.

"मास्तर, कोट होईल हो," ते मिशीत हसले, "पण बटण लागेल का?"

मग काय! मास्तरांनी चौतीस जाहीर करून टाकली. वर म्हणाले, "आणि शिवणीत इंचभरही माया ठेवणार नाही!" माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. माणूस सुटला की कोटही तेवढा सोडता येतो. माया न ठेवता बेतायचं म्हणजे परतीचा पूल जाळून नदीपार जायचं.

"अहो, जरा दमानं घ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कापड एकच आहे."

"मीही एकच आहे!" मास्तर म्हणाले आणि त्यांनी चौतिसाच्या रेघा मारल्या.

त्या दुकानाची रीत अशी, की खडू मास्तरांचा आणि कात्री बाईंची. सव्वीस वर्षांच्या कापडात कात्री शिरताना मास्तरांना बघवेना. त्यांनी डोळे घट्ट मिटले. बाईंनी एकदा त्या रेघेकडे पाहिलं, एकदा त्या पोटाकडे पाहिलं, आणि रेघेपासून चार बोटं लांबून कात्री चालवली.

राहता राहिलं वजन. दुसऱ्याच दिवशी इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ बाई आपल्या पांढऱ्या कोटांचं माप द्यायला आल्या. मास्तरांनी हळूच विषय काढला.

"मास्तर, तुमच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं," बाई म्हणाल्या. "त्यातलं काही नुसतंच अंगात साठून बसतं. आता त्यासाठी काय करायचं, तर..."

पुढचं मास्तरांनी ऐकलंच नाही! तोंडात टाचण्या होत्या, म्हणून ते "हं, हं" करत राहिले, पण डोक्यात दिवाळखोर बुद्धीचा कारखाना सुरू झाला होता. कापड शिवण्याआधी काय करतात? भिजवतात, वाळवतात. आणि वाळलं की ते काय होतं? आटतं!

"मी स्वतःला वाळवणार आहे," जेवताना त्यांनी जाहीर केलं.

"दोरीवर?" मुलीने विचारलं.

"हसू नकोस. आजपासून पाणी बंद. दिवसाला दोन पेले, तेही औषधापुरते. आणि खायचं ते सगळं कोरडं. कोरडी वस्तू पाणी शोषून घेते, टिपकागदासारखी!"

त्यांचं कोरडं म्हणजे खारे दाणे, खारी बिस्किटं आणि पुडीतले खारवलेले बटाट्याचे काप. सरबत नाही, रस नाही, कलिंगड तर शत्रूच! आठवड्यात मास्तरांनी इतकं मीठ रिचवलं, की त्यांच्या सावलीला मुंग्यासुद्धा लागेनात.

आणि गंमत बघा. पहिल्या दिवशी कच्चे टाके घातलेला कोट चढवला, तर बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर. तिसऱ्या दिवशी चार बोटं. सहाव्या दिवशी दोन. नवव्या दिवशी बटण लागलं!

"बघितलंस!" मास्तर आरशासमोर गरजले. "आटलो की नाही?"

"आटलात हो," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुईत दोरा ओवला.

फक्त किरकोळ काही गोष्टी जुळत नव्हत्या. चपलांचे पट्टे पायात रुतत होते. सकाळी डोळे उघडायला बोटांची मदत लागत होती. आणि दहाव्या दिवशी मधल्या बोटातली शिवणटोपी निघेना! सुई टोचू नये म्हणून घालायची ती धातूची टोपी बोटावर अशी बसली, की साबण लावला, तेल लावलं, बाई आणि मुलगी दोघी लोंबकळल्या, पण टोपी काही हलली नाही.

त्याच गडबडीत आहारतज्ज्ञ बाई आपले पांढरे कोट न्यायला आल्या. त्यांनी मास्तरांचं तोंड पाहिलं आणि तडक त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला, तरी खड्डा तसाच.

"मास्तर, खाताय काय?"

मास्तरांनी अभिमानाने यादी सांगितली. आहारतज्ज्ञ बाई खुर्चीत बसल्या.

"अहो, मीठ कमी करा असंच तर मी सांगत होते! मीठ पाणी धरून ठेवतं. आणि वरून पाणी तोडलंत, तर शरीर आहे तेवढं जपून ठेवतं. तुम्ही वाळला नाहीत, तुम्ही टाकी झाला आहात!"

"पण कोट सैल होतोय..."

"कोटाचं मला माहीत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत, मूत्रपिंडं ठणठणीत. "दाणे सोडा," एवढंच म्हणाले.

मग खरं पथ्य सुरू झालं. मिठाची बरणी वरच्या फळीवर गेली. वेळेवर पाणी, ताज्या भाज्या, फळं, संध्याकाळी चालणं. दोन दिवसांत मास्तरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. टेप गळ्यात तसाच टाकून ते मोरीकडे धावत. गिऱ्हाइकाचा डावा खांदा मोजून झाला, की उजव्याला किमान पाव तास लागे! पाचव्या दिवशी शिवणटोपी आपोआप निसटली आणि एका वकिलाच्या खिशात पडली.

कोट मात्र मास्तरांनी परत चढवला नाही. "आता थेट त्याच दिवशी!" ते म्हणाले. मास्तरीणबाईंनी तो पक्का शिवला, अस्तर लावलं आणि टांगून ठेवला.

लग्नाची सकाळ उजाडली. दारात गाडी उभी. मास्तरांनी कोट चढवला आणि आरशात पाहिलं. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, पण खाली तंबू! आत आणखी एक मास्तर सहज राहिला असता.

"अगं, हे काय?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "कापताना मी चार बोटं जास्त ठेवली होती. मग तुम्ही फुगत चाललात. रोज दुपारी तुमचा डोळा लागला, की थोडं थोडं सोडत गेले. म्हटलं, पोरीसमोर बटण लागायला हवं. तुम्ही खरंच उतराल असं कुणाला वाटलं!"

मास्तरांनी कोट वर करून कंबर मोकळी केली. मग टेप लावला. सदतीस!

"चौतीस नाही, पण सदतीस," ते छाती काढून म्हणाले. "आण टाचण्या!"

शिवायला वेळच नव्हता. बाईंनी पाठीमागे चिमटीत कापड धरून अकरा टाचण्या मारल्या. मांडवात मास्तर असे ताठ उभे, की बसायला खुर्ची दिली तरी नको म्हणाले. मुलीने लांबूनच पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. व्याही पुढे आले, बटणाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "मानलं मास्तर! अगदी मापात!"

आणि त्यांनी मास्तरांना कडकडून मिठी मारली.

"आई गं!"

दोघे एकदमच ओरडले. सगळ्यांना वाटलं, मन भरून आलं. कुणीतरी दोघांना पाणी आणून दिलं.

तो फोटो आता दुकानात लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "मास्तर, या वयात एवढी ताठ पाठ? रहस्य काय?"

"पथ्य!" मास्तर सांगतात. "मीठ कमी, पाणी वेळेवर."

शेजारी मास्तरीणबाई काम करत असतात. त्या काही बोलत नाहीत. त्यांच्या तोंडात टाचण्या असतात.