दहा वाजताचे दोन पेपर

इतिहास माणसाला मुळं देतो आणि परकी भाषा त्याला पंख देते, असं बिट्टीच्या बाबांचं ठाम मत होतं.

"आणि एवढं सगळं फुटल्यावर नोकरी कोण देतं?" असं बिट्टीच्या आईनं विचारून पाहिलं होतं. बाबांनी ते कानाआड केलं.

बिट्टीनं विद्यापीठात प्राचीन इतिहास आणि फ्रेंच हे दोन विषय जोडीनं घेतल्यापासून बाबा जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होते. पोस्टाच्या खिडकीत बसून रजिस्टर पत्राची पावती फाडता फाडता ते गिऱ्हाइकाला सांगत, "आमच्या घरी हल्ली फ्रेंचच चालतं!" पाकिटाला गोंद लावणारं गिऱ्हाईक दबकून दोन बोटं जास्तच गोंद लावी.

ही जोडी आजवर कोणीच घेतली नव्हती. त्यामुळे असाही जीव जगात असेल अशी वेळापत्रकवाल्यांना शंकाच आली नाही, आणि दोन्ही पेपर मंगळवारी दहाला लागले. बिट्टीनं अर्ज केला. विद्यापीठानं तोडगा काढला : दहा ते एक इतिहास, दोन ते पाच फ्रेंच. मधला तासभर बिट्टीला एका खोलीत वेगळं बसवायचं, म्हणजे सकाळी फ्रेंचचा पेपर दिलेलं कोणी तिच्या कानात प्रश्न फोडणार नाही. हे बिट्टीनं घरी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा बाबा फोनवर आत्याला बिट्टीचं कौतुक सांगत होते.

मंगळवारी सव्वा वाजता बाबा डबा घेऊन विद्यापीठात हजर! शिपायानं काच लावलेल्या दाराकडे बोट केलं. बाबांनी डोकावून पाहिलं. आत एका टेबलाशी बिट्टी. समोर पर्यवेक्षक बाई, डोळ्यांत तेल घालून पाहतायत. टेबलावर बिट्टीचा मोबाइल, लाखेचं सील लावलेल्या पाकिटात!

"अहो, हे काय?"

"कोणाला भेटता येणार नाही," शिपाई म्हणाला. "बोलायचंही नाही. बाथरूमलासुद्धा बाई बरोबर जातात."

बाबांनी तडक बिट्टीच्या मामाला फोन लावला. मामा वकील होता. म्हणजे फ्लॅटचे करारनामे करायचा.

"पोरीला पकडलंय रे!"

"भाओजी, घाबरू नका! तिला एक शब्द बोलू देऊ नका!"

"बोलूच देत नाहीयेत!"

"मग ठीक आहे," मामा म्हणाला. "आणि कशावर सही नको."

एवढा कायदा बाबांना पुरला. शिपायाच्या काखेखालून ते आत घुसले आणि ओरडले, "बाळा, कशावरही सही करू नकोस!"

"संपर्क!" पर्यवेक्षक बाई किंचाळल्या. "उमेदवाराशी बाहेरच्या माणसाचा संपर्क! प्रश्न फुटू नयेत म्हणून वेगळं बसवलंय हिला! दोनचा फ्रेंचचा पेपर रद्द!"

"बाबा!" बिट्टीनं कपाळाला हात लावला. "माझं वर्ष घालवलंत!"

बाबांना तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला. घाम पुसत ते म्हणाले, "अहो बाई, मी हिला काय फोडणार? मला फ्रेंचचं ओ की ठो कळत नाही!"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "थांबा. तुम्ही पोस्टातले ना? मागच्या महिन्यात मी उत्तरपत्रिका रजिस्टर करायला आले होते, तेव्हा तुम्हीच म्हणालात, घरी फ्रेंचच चालतं!"

आता आली पंचाईत! शेवटी फ्रेंचच्या मॅडमना बोलावलं. बाबांना फ्रेंच येत नाही हे सिद्ध झालं तरच पेपर होणार होता. बाबांना बिट्टीच्या खुर्चीत बसवलं.

"नमस्कार कसं म्हणतात?"

'बोंजूर' बाबांच्या अगदी ओठांवर आलं. वर्षभर ते त्यांनी अख्ख्या पोस्टाला ऐकवलं होतं. त्यांनी ते गिळलं. "नाही येत."

"आभार?"

"नाही येत."

"एक ते दहा?"

"मॅडम, मला एकसुद्धा येत नाही!" बाबा कळवळून म्हणाले, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

मग मॅडम फ्रेंचमध्ये लांबलचक काहीतरी बोलल्या. बाबा त्यांच्याकडे, बंद पडलेल्या पंख्याकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"वीस वर्षं शिकवतेय," मॅडम म्हणाल्या, "पण इतकं स्वच्छ अज्ञान पाहिलं नव्हतं." त्यांनी तसं लिहून सही-शिक्का दिला. नापास झाल्याचा एवढा आनंद बाबांना उभ्या जन्मात झाला नव्हता!

दोनच्या ठोक्याला बिट्टी पेपरला बसली. बाबा बाहेरच्या बाकावर टेकले. शेजारी येऊन बसलेल्या फ्रेंचच्या मॅडमना त्यांनी भीत भीत विचारलं, "मॅडम, सकाळी हा पेपर किती मुलांनी दिला?"

"एकानंही नाही," मॅडम म्हणाल्या. "फ्रेंचला यंदा तुमची मुलगी एकटीच आहे."