सासूबाईंच्या हातून पडलेलं घड्याळ

"कुणी झाडायचं नाही, कुणी पाय हलवायचा नाही," सोफ्याखालून नवऱ्याने हुकूम सोडला.

"मग स्वयंपाक काय उडत जाऊन करू? आई-बाबा येतील आता," बायकोने झाडू आपटला.

गृहस्थांना खिशातली जुनी घड्याळं दुरुस्त करायचा नाद लागला होता. आधीची दोन खोलून बशीत पडली होती. तरी सासूबाईंनी सासऱ्यांच्या नकळत त्यांचं वडिलोपार्जित घड्याळ जावयाच्या हवाली केलं. बिचारीने पुसताना ते हातातून पाडलं होतं आणि तेव्हापासून ते बंद होतं. सासरे उठताबसता तेच ऐकवायचे. ते सुरू झालं असतं, तर म्हातारपणी तरी टोमणे थांबले असते.

असलं काम टेबलावर पांढरं कापड अंथरून करावं, हे शेंबडं पोरही सांगेल. हे महाशय घड्याळ मांडीवर घेऊन बसले आणि भाजीच्या सुरीने झाकण उचकटलं. झाकण फटकन उडालं. आत पाहतात तर मागेपुढे झुलणारं मुख्य चाकच गायब.

गाद्या झटकून झाल्या. केराची बादली वर्तमानपत्रावर उपडी झाली. शेवटी त्यांनी बायकोच्या अंबाड्यात हात घातला.

"तिथे काय सापडणार? तुमच्या पायी पांढरे झालेले केस मोजा," बायको कडाडली.

तेवढ्यात सासू-सासरे दारात उभे राहिले. उघडं घड्याळ दिसताच सासऱ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या वडिलांचं घड्याळ! आधी हिने पाडलं, आता तुम्ही मुडदा पाडलात?"

"बाबा, चाक उडालं. जमिनीवर सगळीकडे शोधलं हो."

"जमिनीवर काय डोंबल सापडणार? मांडीवर उघडलं की चाक पँटच्या दुमडीत जातं. मीही वेड्यासारखं जमीन धुंडाळली आणि पँट गेली धुवायला. एवढी अक्कल..."

सासरे थांबले, पण उशीर झाला होता.

"म्हणजे ते तुम्ही उघडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "मी पाडलं तेव्हा ते आधीच बंद होतं."

"अगं, तुला सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

जावई पुन्हा सोफ्याखाली शिरायच्या बेतात होता.

"जावईबापू, आणा ते इकडे. दुरुस्त करू नका." सासूबाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "हे असंच उघडं, यांच्या ताटासमोरच्या भिंतीवर टांगते."