हात वर

बोलताना माणसाचे हात काय करतात, याचं श्रीनिवासला भलतंच कुतूहल जडलं होतं. सोमवारी हिंजवडीच्या ऑफिसात साहेबांपुढे त्याचं आणि सहकारी निकिताचं प्रेझेंटेशन होतं आणि त्यावरून दोघांपैकी अमेरिकेला कोण जाणार ते ठरणार होतं. ट्रेनिंगच्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमचे हात नुसते लोंबतात. मुद्दा मोठा, तर हात वर."

तेव्हापासून तो मंडईत भाजी कमी आणि भाजीवाल्यांचे हात जास्त बघू लागला.

"आरशापुढे किती हातवारे करशील?" त्याची बायको शेफाली म्हणाली. "रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, तिथे बोल. आरसा बिचारा थकला."

धायरीच्या त्या सोसायटीत दोघं नुकतीच राहायला आली होती. मीटिंगमध्ये झाडून सगळे हाताची घडी घालून बसलेले पाहून श्रीनिवासला नवल वाटलं, थोडी कीवही आली. सेक्रेटरी रंगराव सहा वर्षं सुटकेची वाट बघत होते आणि कुठे एखादा हात वर जातोय का यावर डोळा ठेवून होते, हे त्या बापड्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तो पाण्यावर बोलायला उठला. टँकरला डावा हात झाला, टाकीला उजवा. मग मोठा मुद्दा आला. "कुणीतरी पुढे होऊन जबाबदारी घ्यायला हवी," म्हणत त्याने उजवा हात सरळ वर नेला आणि शिकवल्याप्रमाणे क्षणभर तिथेच ठेवला.

"झालं," रंगराव म्हणाले. "नवे सेक्रेटरी श्रीनिवासराव. कुणाची हरकत?"

"अहो, तो नुसता मुद्दा होता."

"मुद्दा आम्हाला पटला," तळमजल्यावरच्या तुळजाबाई म्हणाल्या. टाळ्यांसाठी मात्र सगळ्यांच्या घड्या सुटल्या. पंप, गच्ची आणि मीटरच्या खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात कोंबून रंगराव असे पळाले की चपला तिथेच राहिल्या.

श्रीनिवासने हाताचा धसकाच घेतला. सोमवारी दोन्ही हात पँटच्या खिशात खुपसून तो बोलला, आणि गंमत म्हणजे छान बोलला.

"तुमचं आणि निकिताचं, दोन्ही उत्तम," साहेब म्हणाले. "या आठवड्यात कोण निघू शकेल? हात वर करा."

श्रीनिवासने हात उपसला. बोटांत गुंतलेला किल्ल्यांचा जुडगा खिशाच्या अस्तरात अडकला. तो ओढतोय तोवर निकिताचा हात वर गेलाही. मग त्याचा हात सुटला, अस्तर आणि किल्ल्यांसकट. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"सेक्रेटरी," तुळजाबाई म्हणाल्या, "पंपाची किल्ली घेऊन गेलात. बिल्डिंग कोरडी आहे."

श्रीनिवासने कपाळाला हात लावला.

"बघा," मागून ट्रेनिंगच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "आता कसा सहज आला हात."