पाणी मारलेली भिंत

सासऱ्यांसाठी बांधलेल्या खोलीची भिंत उगवली आहे, हे आधी सुनेच्या लक्षात आलं. मातीच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत हिरवेगार कोंब आले होते, आणि तेही नेमके सासरे घर बघायला यायच्या सकाळी.

सासूबाई गेल्यापासून सासरे फ्लॅटमध्ये एकटेच राहत. दिवस दिवस कोणाशी बोलत नसत. मुलाचा जीव तुटायचा, पण म्हातारा हट्टी. सगळी हयात सिमेंट-काँक्रीटची कामं करून घेण्यात गेलेली, आणि पोटच्या पोराने घर बांधलं ते माती, पेंढा आणि चुन्याचं. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, नातवंडांनाही पुरेल, असं पोरगं सांगायचं. म्हातारा फक्त "हं" म्हणायचा. शेवटी एकदाचे सासरे म्हणाले, "बघून जातो. राहावंसं वाटलं तर राहीन. नाहीतर पुन्हा विषय काढायचा नाही."

"अहो, भिंतीला गहू आलाय," सून म्हणाली.

नवरा तोंडातला ब्रश तसाच ठेवून धावत आला. "पेंढ्यात दाणे राहिले असणार. पण ओल कुठून आली? ही तर वाळायला हवी होती."

"मी पाणी मारत होते. सकाळ-संध्याकाळ."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी. फोनवर म्हणाले, भिंत झाली ना, मग पाणी मारायला विसरू नकोस. बांधकाम पाण्यावरच पोसतं."

पोसतं खरं, पण सिमेंटचं. मातीच्या भिंतीला पाणी मारणं म्हणजे बुडत्याला प्यायला पाणी देणं. पण सासऱ्यांचा शब्द कोण मोडणार? आणि नवरा दिवसभर कामावर, त्याला कळणार कसं?

कोंब उपटायला जावं तर मातीचे पोपडे हातात येऊ लागले. मग दोघांनी कात्र्या घेतल्या. थोड्याच वेळात भिंत अर्धवट दाढी केलेल्या माणसासारखी दिसू लागली. कापलेला पाला खिडकीबाहेर टाकला, तर शेजाऱ्यांची शेळी आली. तो संपवून तिने आत डोकावून पाहिलं. आत आणखी होतं. दार उघडंच होतं.

आता शेळी काही केल्या हलेना. नवरा पुढून ओढतोय, सून मागून ढकलतेय, शेळी निवांत चरतेय. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. सुनेने हाताला लागली ती चादर भिंतीजवळच्या कपड्यांच्या दोरीवर टाकली आणि भिंत शेळीसकट झाकली.

सासरे खोलीत आले. त्यांनी छत पाहिलं, खिडकी पाहिली, मग चादरीकडे पाहिलं.

"पडद्यामागे कोण आहे?"

"कोणी नाही, बाबा," मुलगा म्हणाला. पडदा हलला.

सासऱ्यांनी चादर बाजूला केली. बराच वेळ ते शेळीकडे बघत राहिले. मग भिंतीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"पाणी कोणी मारलं?"

"मीच, बाबा. चुकून," मुलगा घाईघाईने म्हणाला.

"त्यांनी नाही, मी मारलं," सून म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतंत ना."

सासरे त्यांच्यासाठी टाकलेल्या खाटेवर हळूच टेकले.

"तुझी सासू म्हणायची, कोणी विचारल्याशिवाय अक्कल पाजळू नका," ते म्हणाले. "आता ऐकवणारं कोणी राहिलं नाही. ही भिंत पडणार."

"नाही पडणार, बाबा. जरा वाळली की..."

"तू गप्प बस. पडली तर माझ्यामुळे पडेल. तुम्हा पोरांना असल्या भिंतीच्या भरवशावर सोडून मी जाऊ कसा? माझं सामान मागवून घे. माझी खाट इथेच राहू दे, या भिंतीला लागून. काही हललं तर मला आधी कळेल."

चार उन्हं खाल्ली की भिंत ठणठणीत होईल, हे सांगायला मुलाने तोंड उघडलं. सुनेने त्याच्या पायावर पाय दिला.

"बाबा," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "मागच्या भिंतीलाही मी तेवढंच पाणी मारलंय."

त्या भिंतीला तिने थेंबही लावला नव्हता.