कादंबरीची वाटणी

कौटुंबिक कादंबरी आणि वडिलोपार्जित जमीन यांत मूलतः फरक नाही. दोन्ही पिढ्यानपिढ्या पडीक असतात, आणि कोणी कसायला घेतली की भावकी जागी होते.

विरारच्या मनवेलपाड्यात राहणाऱ्या आत्मारामला हे ठाऊक असायला हवं होतं. निवृत्त झाल्यावर त्याने कादंबरी लिहिली. तीत नातीगोती होती, मनाची पडझड होती आणि स्वतःची जागा शोधत वणवणणारा नायक होता. पण सगळा खटाटोप एकट्या नवव्या प्रकरणासाठी होता. त्यात थोरला भाऊ धाकट्याचा बांध दर पावसाळ्यात वीतभर कोरत जातो आणि धाकट्याला शेवटी गाव सोडून बिल्डिंगमध्ये राहायला जावं लागतं. थोरल्या काळूरामदादाने ते वाचावं आणि एकदा तरी "चुकलं रे" म्हणावं, एवढंच आत्मारामला हवं होतं. त्यासाठी बिचाऱ्याने आधीची आठ प्रकरणं लिहिली.

प्रकाशक सावध माणूस. "आधी नातेवाइकांची संमती आणा," म्हणाला. झालं! चिंचोटीला काळूरामच्या अंगणात भावकी बसली. आगाशीहून कोंबडीचं भुजिंग मागवलं (संमतीचं पहिलं कलम). चुलतभाऊ हरेशचं निम्मं आयुष्य तहसील कचेरीच्या बाकावर गेलेलं. त्याने मुद्द्याला हात घातला.

"गोष्ट कोनाची?"

"आपल्या घराण्याची," आत्माराम अभिमानाने म्हणाला. तिथेच फसला.

"घराण्याची ना? मंग सामाईक झाली. वाटप करा."

वाटप अत्यंत शिस्तीत झालं. हरेशला पाचवं प्रकरण आलं. पण तिथे जायला चौथ्यातून वाट नव्हती, म्हणून चौथ्याच्या मधोमध दीड पान कोरं सोडून वहिवाट काढण्यात आली. आजोबांचा मृत्यू दोन हिश्श्यांच्या हद्दीवर येत असल्याने निम्मा इकडे गेला, निम्मा तिकडे (दोन्हीकडे आजोबा अर्धवट जिवंत आहेत). नायकाचं नाव कुठल्याच हिश्श्यात निघेना. सबब नायक हे अतिक्रमण ठरवून सर्वानुमते हटवण्यात आलं. आत्मारामने सगळ्याला मान डोलावली. नववं प्रकरण दादाच्या वाट्याला आलं होतं. बाकीची चुलीत गेली तरी चालणार होतं.

काळूराम चष्मा लावून वाचायला बसला. बोट ओळीओळीवरून सरकत होतं आणि आत्माराम त्या बोटामागून मान सरकवत होता. शेवटी काळूरामने टॉवेलने डोळे पुसले.

"आत्मा, काय लिवलंस रे! डोल्यांत पानी आलं. असला भाऊ वैऱ्यालाही नको." मग हरेशकडे एक नजर टाकून तो कानाशी आला. "नाव बदललंस ते बरं केलंस. त्याला राग आला असता."

"दादा, परत वाच," आत्माराम रडकुंडीला आला. "नीट वाच ना!"

दादाने परत वाचलं, या खेपेला मोठ्याने. हरेशही रडला. त्याला तो आपलाच थोरला भाऊ वाटला.

राहता राहिली बहीण कमळी. रीतीप्रमाणे तिला सगळ्यांत शेवटी बोलावलं, हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला. जमिनीच्या वेळीही असंच बोलावलं होतं.

"मी हाय का रं गोष्टीत?" तिने हौसेने विचारलं.

"होतीस," आत्माराम म्हणाला आणि पेन पुढे केलं. दादाच्या अन्यायाने त्याचं मन इतकं भरून आलं होतं, की सहीची जागा शेवटी हरेशने दाखवली. कमळीने सही केली, सगळ्यांची उष्टी ताटं उचलली आणि रिक्षाने घरी गेली.

कादंबरी निघाली. तीत बाई नाही, नायक नाही, तरी वसई-विरारभर गाजते आहे. नववं प्रकरण वाचून लोक आत्मारामला फोन करतात, अहो, हा तर हुबेहूब आमचाच! शेकडा साठ जण थोरल्या भावाचं नाव घेतात, तीस चुलत्याचं, उरलेले साडूचं. तुमच्याही मनात एव्हाना एक नाव आलंच असेल. अवश्य कळवा. स्वतःचं नाव कळवण्याची सोय मात्र ठेवलेली नाही. आजवर कोणाला तिची गरज पडलेली नाही.