जशीच्या तशी कॉपी

सासूबाईंनी डिस्कचा खोका चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर इतक्या हळुवार हातांनी ठेवला, की जावयाला वाटलं आत अंडीच आहेत. आत होती एक अख्खी मालिका. छत्र्यांचा कारखाना चालवणाऱ्या तीन भावांची. थोरला देवमाणूस, मधला एक नंबरचा नीच आणि धाकटा कायम प्रेमात. या तिघांशिवाय सासूबाईंची एकही दुपार सरकत नसे.

"जावईबापू, डिस्क म्हाताऱ्या झाल्या हो," त्या म्हणाल्या. "परवा धाकट्याच्या तोंडावर नुसते चौकोनच चौकोन आले. त्या पार जायच्या आत कॉपी काढून द्या. पण चित्र बिघडता कामा नये. जशीच्या तशी हवी."

"मामी, केसाएवढाही फरक पडणार नाही."

"आणि ती एक अडकते, तीही घ्या."

ती एक अडकते हे घरात सगळ्यांना पाठ होतं. थोरला घरातून निघतो, दारात वळतो, बायकोकडे बघून हसतो आणि म्हणतो, "संध्याकाळी लवकर ये..." आणि तिथेच थांबतो. हात वर, तोंड उघडं. सासूबाई जरा वेळ त्याच्याकडे बघत बसायच्या, "ये हो, सावकाश ये," म्हणायच्या आणि पुढची डिस्क लावायच्या. पुढच्या डिस्कमध्ये थोरला नसे. त्याच्या पुढच्याही नसे. भिंतीवर त्याचा मोठा फोटो लागलेला असे आणि घरातली माणसं त्याच्याकडे बघून रडत असत. सासूबाईंचं म्हणणं, तो कामासाठी बाहेरगावी गेलाय आणि घरच्यांना त्याची आठवण येते. कारखान्याच्या मालकाला हिंडावं लागतंच.

सासरे दुकानाच्या दारातच उभे होते. ते फार बोलत नसत. मुलीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा त्यांनी फक्त "बरं" म्हटलं होतं. आज मात्र ते म्हणाले, "कशाला?" आणि खिशातल्या किल्ल्या खुळखुळवत राहिले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. तशी कुणाला सवयच नव्हती.

जावई माणूस साधा, पण दिसण्याच्या बाबतीत महाहट्टी. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची फ्रेम चढवायची, भिंगं आलटून पालटून घालायची आणि विचारायचं, "हे बरं की आधीचं?" यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. बायकोने नवा ड्रेस घालून दाखवला तरी तो तेच विचारायचा, म्हणून तिने त्याला दाखवणंच सोडून दिलं होतं.

कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याला त्याने फोन लावला. तो म्हणाला, "सोप्पंय. फाइल जरा बारीक करून टाकू. चित्रात थोडा फरक पडतो, पण कुणाला कळत नाही."

"कुणाला न कळणारा फरक?" जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, अशाच फरकावर माझं दुकान चाललंय!"

फाइल बारीक करायची नाही असं ठरलं. मग त्या मावेनात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांचे जुने नंबर होते, ते हलवले. बायकोचे फोटो होते, ते तिला न विचारता हलवले. तरी जागा पुरेना. शेवटी उरला डोळे तपासायचा तक्ता. तो म्हणे फारच मोठ्या प्रोग्रामात होता. जावयाने तोही काढून टाकला.

"मग लोकांना वाचायला काय देणार?" काउंटरवरून बायकोने विचारलं.

"मालिकेच्या शेवटी नावं येतात ना? मोठ्या अक्षरांपासून बारीक अक्षरांपर्यंत. तक्ता म्हणजे तरी दुसरं काय असतं?"

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकं खुर्चीत बसून निर्माता, दिग्दर्शक, रंगभूषा अशी वाचत खाली जाऊ लागली. ज्याला 'छत्र्या पुरवणारे' ही शेवटची ओळ वाचता आली त्याची नजर उत्तम. पण नावं यायच्या आधी भागाचा शेवट यायचा, आणि शेवटी मधल्याने काहीतरी करून ठेवलेलं असायचं. माणूस खुर्चीतून उठेना.

कोपऱ्यावरचा शिंपी सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून आला होता. त्याला चष्मा मिळाला. दुसऱ्या दिवशी तो परत आला.

"काय झालं? दिसत नाही?"

"दिसतंय, पण अंधुक आहे हो. पुढचा भाग लावून बघा बरं."

मग शाळेतल्या बाई आल्या. त्यांच्या नजरेत काडीचा दोष नव्हता. पण त्यांनी 'निर्माता' हा शब्दच तीनदा चुकीचा वाचला आणि आणखी तपासणी हवी म्हणून हटून बसल्या. दुकानात लोक दाटीवाटीने उभे राहू लागले. सगळ्यांनाच अंधुक दिसत होतं. चष्मा मात्र कुणी घेत नव्हतं.

"अहो, धंदा बसला," बायको म्हणाली.

"पण कॉपी बघ. धाकट्याच्या शर्टाचा एकेक दोरा दिसतोय!"

अडकणारी डिस्क त्याने शेवटी घेतली. कॉम्प्युटरने तिला चक्क नकार दिला. जावयाने डिस्क उजेडात धरून बघितली. एक ओरखडा. सरळ, खोल, अगदी मन लावून काढल्यासारखा. दुसऱ्या कुणी डिस्क बाजूला ठेवली असती. पण हा पडला चष्मेवाला, आणि ओरखडा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. काचेच्या भिंगांना पॉलिश करायची जुनी चकती त्याने माळ्यावरून काढली, लेप लावला आणि डोळ्यांत तेल घालून डिस्क घासत बसला. घासता घासता ओरखडा गेला. मागमूससुद्धा राहिला नाही.

सगळ्या दुकानासमोर त्याने डिस्क लावली. थोरला दारात वळला, हसला आणि म्हणाला, "संध्याकाळी लवकर येतो." पूर्ण म्हणाला. दुकानात टाळ्या पडल्या. थोरला गाडीत बसला. गाडीचे ब्रेक मधल्याने काढून ठेवले होते. पुढे वळण होतं, वळणानंतर पूल होता, आणि पुलाखाली नदी.

शिंप्याने नवा चष्मा काढून डोळे पुसले. "डॉक्टर, आता लख्ख दिसलं," तो म्हणाला. "नको होतं दिसायला."

"पाण्याचे शिंतोडे बघा!" जावई म्हणाला. "थेंब न् थेंब सुटा!"

आणि त्याच आनंदात त्याने सासूबाईंना फोन लावला. "मामी, या लगेच. ती अडकणारी डिस्क मी दुरुस्त केली. आता अख्खी बघता येईल." त्या फक्त "आलेच" म्हणाल्या. मामींना आनंदाने शब्द सुचत नाहीत, असा जावयाने सोयीस्कर अर्थ लावला.

सासूबाई मागच्याच गल्लीत राहत, पण केस विंचरून, कुलूप दोनदा ओढून बघितल्याशिवाय घर सोडत नसत. त्यामुळे आधी पोहोचले ते सासरे. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात सासूबाईंची.

"बंद करा ते!" ते ओरडले.

मामा ओरडू शकतात हेच जावयाला माहीत नव्हतं. त्याने मुकाट्याने बंद केलं.

"हा भाग टीव्हीवर लागला तेव्हा ती बहिणीकडे गेली होती," सासरे धापा टाकत म्हणाले. "मी एकट्याने बघितला. मला घास गिळवेना. आली तेव्हा तिने विचारलं, थोरला कसा आहे? मी म्हटलं, बाहेरगावी गेलाय. मग तिने या डिस्क आणल्या. काय करणार? मी..." आणि त्यांनी खिशातून किल्ली काढली.

"घराच्या किल्लीने, मामा?"

"कपाटाच्या. तिचे दात बारीक आहेत."

"पण काका," शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पुढे थोरली, म्हणजे थोरल्याची बायको, दुसरं लग्न करते ना?"

"करते. नवरा बाहेरगावी असताना केलं म्हणून ही तिला रोज शिव्या घालते. त्या बिचारीचा मी फार मोठा गुन्हेगार आहे." सासऱ्यांनी किल्ली खिशात टाकली. "पण हिला थोरल्याचं सहन व्हायचं नाही हो. तिचा जीव आहे त्याच्यावर. काहीही करा, तो मेला हे तिला कळू देऊ नका."

ओरखडा परत काढायला हवा होता, तोही नेमका त्याच जागी, आणि खऱ्या डिस्कवर चुकून चालणार नव्हतं. म्हणून त्याने कोऱ्या डिस्कवर भाग उतरवला आणि मामांनी त्यावर किल्ली चालवली. डिस्क अडकली ती मधल्याच्या खदाखदा हसण्यावर. दुसरी उतरवली. तिच्यात थोरला "लवकर ये..." म्हणाला आणि एका उडीत नदीत.

"हे तर आधीपेक्षा वाईट," शिंपी म्हणाला.

तेवढ्यात सासूबाई दारात. लोकांनी त्यांना वाट करून दिली, जरा जास्तच हळहळत. जावयाने त्यांना खुर्चीत बसवलं आणि हाताला लागलेली सर्वांत जाड भिंगं त्यांच्या नाकावर चढवली.

"आधी डोळे तपासू, मामी. काही दिसतंय?"

"काहीच नाही."

"छान!"

त्याचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आत, मदत करायची म्हणून शिंपी कॉम्प्युटर बंद करायला गेला आणि त्याने तो नेमका चालू केला. पडद्यावर खरी डिस्क सुरू झाली, घासूनपुसून लख्ख केलेली. "संध्याकाळी लवकर येतो," थोरला स्वच्छ आवाजात म्हणाला. गाडी सुरू झाली. जावई माउस शोधू लागला, माउस शाळेतल्या बाईंच्या पर्सखाली होता. वळण आलं तसे सासरे खोकले. त्यांचं बघून शिंपी खोकला, बाई खोकल्या, मग अख्खं दुकान जिवाच्या आकांताने खोकू लागलं. पुलाचा कठडा मोडला, गाडी पाण्यात पडली, थोरलीने हंबरडा फोडला, सगळं त्या खोकल्यात बुडून गेलं. शेवटी बायकोने काउंटरवरून येऊन प्लगच उपटला.

"काय साथबीथ आलीय का?" सासूबाईंनी भिंगांआडून विचारलं. "अहो, तुम्ही जरा पाणी आणा बघू मला. घरचं. इथलं नको."

सासरे आपली एक आणि त्यांची एक चप्पल फटफटवत गेले. ते दिसेनासे झाल्याची खात्री करून सासूबाईंनी फ्रेम काढली आणि जावयाच्या हातात दिली.

"गेला ना नदीत?"

दुकानात एकही माणूस खोकला नाही.

"मामी, तुम्हाला..."

"मी बहिणीकडे होते म्हणजे काय जंगलात होते? तिच्याकडे टीव्ही नाही? दोघी उशीत तोंड खुपसून रडलो. घरी आले तर ह्यांचा चेहरा एवढासा. म्हणाले, बाहेरगावी गेलाय. आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, म्हणून ते धड बोलताही आलं नाही. पुढे एक दिवस दाराआडून बघते, तर हे डिस्क मांडीवर घेऊन किल्लीने कोरतायत. घाम फुटलेला. जीभ बाहेर आलेली." त्यांनी पदराने नाही, सरळ हाताच्या पालथ्या पंजाने डोळे पुसले. "माझ्यासाठी कुणी इतकं केलेलं नाही हो. मला सांगा, असला ओरखडा कुणी दुरुस्त करतं?"

जावयाने पॉलिशची चकती हळूच पाठीमागे लपवली.

"मग ती थोरली? तिला शिव्या घालता त्या?" शिंप्याने विचारलं.

"त्या मनापासून घालते. एवढी घाई काय होती तिला?" सासूबाई उठल्या. "जावईबापू, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? जशीच्या तशी. त्यांना यातलं काही बोलायचं नाही. आणि ओरखड्यासकट कॉपी द्यायची, कमी दर्जाची मी घेणार नाही."

त्या गेल्या. सासरे तांब्या घेऊन परत आले तेव्हा दुकानातले सगळे त्यांच्याकडे फारच प्रेमाने बघत होते. "कळलं का तिला?" त्यांनी घाबरत विचारलं. "छे!" अख्खं दुकान एका सुरात म्हणालं, आणि सासऱ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग जावयाने शटर अर्धं खाली ओढलं. दोघं शेजारी शेजारी बसले. जावई डिस्क उतरवायचा, सासरे किल्ली चालवायचे, जीभ बाहेर काढून. काउंटरवर वाया गेलेल्या डिस्कची चळत वाढत गेली. शेवटी एकदाचा थोरला दारात वळला, हसला, "संध्याकाळी लवकर ये..." म्हणाला आणि थांबला. हात वर, तोंड उघडं.

"जमलं!" जावई ओरडला. मग सवयीने त्याने विचारलं, "मामा, हे बरं की आधीचं?"

सासरे पुढे झुकून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"आधीचं," ते म्हणाले. "त्याच्यात डावी पापणी किंचित मिटलेली होती. परत करा."

जावयाने दोन्ही हात जोडले, आणि नवी कोरी डिस्क काढली. इतकी वर्षं दुकान चालवून आज त्याला पहिल्यांदाच फरक कळणारा माणूस भेटला होता.