किसनमामांचं गुलाबी कार्ड

आमच्या गावात सरकारी सर्वे आला की अख्खं गाव एका दिवसापुरतं गरीब व्हायचं आणि एकटे किसनमामा श्रीमंत व्हायचे.

मामा राहायचे गावाच्या अगदी टोकाला, पेनगंगेकडे जाणाऱ्या वाटेवर. कुडाची एक खोली, वर गवत, दाराला कडी नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंबाडीचे दोर वळायचे, जैनथच्या बाजारात विकायचे आणि त्यावर भाकरी खायची, एवढाच त्यांचा कारभार. पण सर्वेच्या दिवशी त्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नसे. भिंतीला टेकून सायकली उभ्या, कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर टेबलफॅन, शेजारी कुणाकुणाचे रेडिओ, शिवाय भीमगीत मंडळाची पेटी. आणि या सगळ्याच्या मधोमध धुतलेला सदरा घालून मामा दुकानदारासारखे बसलेले.

"इतना सब किसका है?" सर्वेचे साहेब विचारायचे.

"आमचं. लिहा सायेब, बिनधास्त लिहा. आपल्याले काय कमी हाय?"

"घर में करंट तो है नहीं, फिर पंखा क्यों?"

"करंट येईन ना कवातरी. तयारी नोको का करून ठेवाले?"

हे नीट कळायला आधी कार्डांची भानगड सांगायला हवी. तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि सरकारनं रेशनसाठी माणसांचे दोन रंग केले होते. गरिबाला पांढरं कार्ड, बऱ्या परिस्थितीच्या माणसाला गुलाबी. पांढऱ्यावर कंट्रोलच्या दुकानात स्वस्त तांदूळ मिळायचा, आणि म्हातारपणाच्या पेन्शनीला दरखास्त द्यायची तर तेच दाखवावं लागायचं. गुलाबीवर रॉकेल मिळायचं आणि मान मिळायचा, अर्थात मान मिळतो असं फक्त मामांना वाटायचं. ते आपलं गुलाबी कार्ड सदऱ्याच्या खिशात बाळगायचे आणि आदिलाबादच्या बसमध्ये कंडक्टरनं मागितलेलं नसताना दाखवायचे.

गरीब कोण, हे ठरवणं मात्र महाकठीण. चावडीपुढच्या हॉटेलात चहा पिता पिता यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या धुऱ्याबांधावरूनही झाली नसतील. "ज्याच्या घरी पंखा तो गरीब नाई," असं एकजण म्हणायचा. दुसरा लगेच उसळायचा, "पंखा हाय, पन करंट राह्यत नाई. मंग मी सकायी श्रीमंत अन् संध्याकाळी गरीब का?" ज्याचा मुलगा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत लागला त्याचं नाव पयले कापा, यावर सगळ्यांचं एकमत व्हायचं. तेवढ्यात त्या मुलाचा बाप स्वतः येऊन बाकावर बसला की चर्चा गुपचूप कापसाच्या बोंडांवर जायची. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घरातली सायकल दिसायची आणि स्वतःच्या घरातलं गळकं छप्पर. मी शाळामास्तर. मी तोंड उघडलं की, "तुमचं काय जाते गुरुजी, पयल्या तारखेले पगार," हे ठरलेलं. मला ती चर्चा ऐकवत नसे आणि ऐकल्याशिवाय चैनही पडत नसे. दोन घोट चहा प्यायचा, चिडून उठायचं, शाळेच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत येऊन बसायचं, असं माझं चाललेलं असायचं.

मामा या भांडणात फक्त एकदा बोलले. पहिल्यावहिल्या सर्वेची दवंडी झाली त्या दिवशी. सगळे तावातावानं बोलत असताना ते उठले, दोराचं भेंडोळं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "मले नोको ते पांढरं कार्ड. आपल्याले काय कमी हाय? ज्याले पायजे त्याले द्या." आणि निघून गेले.

आमच्या गावात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं.

त्या वाक्याचा उपयोग पहिल्यांदा लक्षात आला तो शेवंताला. शेवंता ही मामांच्या शेजारची, नवरा वारलेला, दोन पोरी पदरात, ब्लाऊज शिवून संसार ओढणारी. शिवणयंत्र दिसलं की नाव कापतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती यंत्र डोक्यावर घेऊन थेट मामांच्या दारात उभी राहिली. "मामा, तुमाले कार्ड नोको न? मंग हे आजच्या दिस ठेवा." मामा म्हणाले, "ठेव." तिचं पाहून शेजारी आला, शेजाऱ्याचं पाहून सगळा मोहल्ला आला. तेव्हापासून हा रिवाजच पडला.

सर्वेला यायचे ते मंडल ऑफिसातले, म्हणजे तालुका कचेरीतले, गिरदावरसाहेब तेलुगू. त्यांना मराठी येत नाही, हिंदी दोन-चार वाक्यांपुरती, गावाला तेलुगू येत नाही, म्हणून दुभाषा मी. गावानं तेलुगूतला एकच शब्द पाठ केला होता, 'लेदु'. म्हणजे नाही. पंखा? लेदु. रेडिओ? लेदु. सायकल? लेदु. एका घाईत असलेल्या गृहस्थानं, साहेबांनी नाव विचारलं तेव्हासुद्धा 'लेदु' म्हणून सांगितलं. आणि मामांनी कुठून कोण जाणे, याच्या उलटा शब्द मिळवला होता, 'उंदि'. आहे! साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते "उंदि! उंदि!" म्हणून मोकळे व्हायचे. मी मध्ये उभा राहून कुणाच्या 'लेदु'कडे न बघता जमिनीकडे बघायचो.

सामान परत न्यायला यावं तर ते आधीपेक्षा चांगल्या तब्येतीत असायचं. सायकलच्या साखळीला तेल दिलेलं, रेडिओ पुसलेला. शेवंताच्या यंत्राचा पट्टा सैल होता, तर मामांनी अंबाडीची बारीक दोरी वळून त्या जागी बसवली होती. फक्त परत देताना मामा फार वेळ लावायचे. "थांबा थोडं. जीप गेली का पाह्य पयले. पार गुडीहत्नूरच्या पल्याड जाऊ दे. आर्ध्यातून फिरली मंग?" जीप परत फिरल्याचं कधी कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण लोक थांबायचे. थांबायचं तर बसायचं, बसायचं तर शेवंता चहा करायची. मग कुणीतरी पेटी ओढून गाणं सुरू करायचं, कुणी घरून पिठलं-भाकरी आणायचं, आणि अंधार पडला तरी कुणी सायकल हलवायचं नाव घेत नसे. मला वाटायचं, मामा फार भित्रे आहेत.

सर्वे जवळ आला की ते भारी अस्वस्थ व्हायचे. एका जागी बसणं नाही. बसथांब्यावर जायचे, उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "सर्वे येऊन राह्यला का? मंडलात काई आयकलं का?" घरी जायचे, झाडून काढायचे, परत थांब्यावर. मी म्हणायचो, "मामा, तुमचं गुलाबी कार्ड पक्कं आहे, तुम्हाला कसली काळजी?" तर म्हणायचे, "गावाची काळजी करा लागते ना, गुरुजी."

पुढे मामांचे हात थरथरायला लागले. दोराचा पीळ सुटायचा. जैनथच्या बाजारातले शेतकरी दोर हातात घ्यायचे, ओढून बघायचे आणि खाली ठेवायचे. मामा बाजारातून भरलं भेंडोळं घेऊन परत यायला लागले. जेवलात का विचारलं तर, "आज भूक नाई." उद्या विचारलं तरी भूक नाही. शेवंता भाकरी पाठवायची, तर ते ती तिच्या पोरींच्या हातात परत द्यायचे, वर "आपल्याले काय कमी हाय?" हे आहेच. गावात खऱ्या अर्थानं पांढऱ्या कार्डाचा माणूस कुणी असेल तर तो हाच, आणि सरकारदरबारी त्याच्याइतका मालदार माणूस साऱ्या मंडलात नव्हता.

एक दिवस मधल्या सुट्टीत शेवंता शाळेत आली. रडत होती की भांडत होती, कळेना. "गुरुजी, मानूस उपाशी मरून राह्यला, अन् त्याच्या नावावर गावाच्या सायकली! कोठी फेडाचं हे पाप?"

नव्या सर्वेची दवंडी त्याच आठवड्यात झाली. मी हॉटेलात जाऊन सरळ विषय काढला. मामांना पांढरं कार्ड मिळालंच पाहिजे, पेन्शन मिळालीच पाहिजे. आश्चर्य म्हणजे एकानंही विरोध केला नाही. आजवर कुणाच्याही नावावर न झालेलं एकमत त्या दिवशी मामांच्या नावावर झालं. मग मागून एक बारीक आवाज आला, "ते सगळं ठीक हाय. पन मंग सामान ठेवाचं कोठी?"

याचं म्हणणं त्याच्याकडे ठेवा, त्याचं म्हणणं याच्याकडे. शेवटी माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो, "शाळेत आणा!" सरकारपासून वस्तू लपवायला सरकारचीच खोली. पण आता शब्द गेला होता. मामांना मात्र कुणी काही सांगायचं नाही असं ठरलं, कारण सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं.

सर्वेच्या दिवशी सकाळी शाळेच्या खोलीला मी बाहेरून कुलूप लावलं. आत रात्री मामा झोपल्यावर आणलेलं सगळ्या गावाचं सामान भरलं होतं. परत येताना पाहिलं, तर मामांनी खोली शेणानं सारवून ठेवली होती, गोणपाट झटकून अंथरलं होतं, आणि सायकली भिंतीला घासू नयेत म्हणून बांबू बांधून ठेवला होता. स्वतः दारात उभे. ऊन वर आलं तरी कुणी फिरकलं नाही. मामा रस्त्यावर आले. परत घरात गेले. मग शेवंताच्या दाराशी जाऊन म्हणाले, "काऊन वं, मशीन आनत नाई का?"

शेवंताला खोटं नीट जमत नाही. ती चुलीकडे बघत म्हणाली, "इकली मामा."

"इकली? काऊन इकली?"

"अशीच."

मामा पुढच्या घरी गेले. तिथे सायकल मोडीत गेली होती. त्याच्या पुढच्या घरी रेडिओ जळाला होता. पंखा मुलीच्या सासरी गेला होता. मामांचा चेहरा उतरत उतरत गेला. माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना दम लागला होता. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "गुरुजी, गावाले काय झालं? सगळेच गरीब झाले का हो?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तेवढ्यात जीप आली. साहेब मामांच्या खोलीत वाकून शिरले आणि थबकले. आत एक मडकं, एक तवा, न विकलेले दोर. नवे साहेब होते, त्यांना जुनी श्रीमंती ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलं, सायकल? मामा दाराबाहेर वाटेकडे बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं. "लेदु," मामा म्हणाले. पंखा? लेदु. रेडिओ? लेदु. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो आणि गावात त्या दिवशी तो एकच खरा होता. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, की याचं काम झालं.

साहेब निघणार तोच मामांनी त्यांना अडवलं. "गुरुजी, सायेबाले सांगा, माह्यं राहू द्या. त्या शेवंताची मशीन गेली, दोन पोरी हायेत तिले. तिचं पयले लिहा. अन् त्या कोपऱ्यावरच्याची सायकल गेली, तो कामाले जाईन कसा? माह्यं काय, मी एकटा. गावाले द्या म्हना." मी ते साहेबांना तेलुगूत सांगितलं नाही. मी सांगितलं, म्हातारा तुम्हाला दुवा देतो आहे. साहेबांनी नमस्कार केला आणि जीप धूळ उडवत गेली.

संध्याकाळी मी शाळेचं कुलूप काढलं. आम्ही सगळे खुशीत होतो. इतक्या वर्षांत गावानं मिळून एक बरं काम केलं होतं. पण शाळेतून मोहल्ल्यात यायची वाट मामांच्या दारावरूनच जाते आणि आता मामा जागे असणार, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मामा दारात बसलेले. त्यांच्यासमोरून सायकली गेल्या, रेडिओ गेले, पंखा गेला. शेवटी शेवंता डोक्यावर यंत्र घेऊन मान खाली घालून गेली. मामांनी प्रत्येक वस्तू जाताना बघितली.

मी जाऊन बाजूला बसलो. सगळं समजावून सांगितलं. तुमच्यासाठीच केलं, आता तांदूळ मिळेल, पेन्शन मिळेल, मी स्वतः दरखास्त लिहून मंडल ऑफिसात नेतो.

"बरं केलं," मामा म्हणाले. "पोटाले तं लागतेच. हातानं आता होत नाई, खरं हाय." मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "पन गुरुजी, पांढऱ्या कार्डवाल्याच्या घरी कोनी सायकल ठेवते का?"

इतकी वर्षं हा माणूस जीप गुडीहत्नूरच्या पलीकडे जाण्याची वाट का बघायला लावत होता, ते मला त्या वेळी कळलं.

"बसतो थोडा वेळ," मी म्हणालो.

मामांनी सरकून मला जागा दिली. आत अंथरलेल्या गोणपाटाकडे पाहिलं, मग वाटेकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "अखीन कोनी येऊन राह्यलं का?"

"हो मामा, येऊन राहिलेत सगळे," मी म्हणालो, आणि चपला घालून लोकांना बोलवायला निघालो.